दाढीआधी दोन थेंब

वसईच्या वाड्यांत दाढीसाठी म्हणून वेगळं तेल विकत आणणारा माणूस माझ्या लहानपणी औषधालाही सापडला नसता. तेल घरात असायचंच. डोक्याला तेच, देवापुढच्या दिव्याला तेच, भेगाळलेल्या टाचांना तेच आणि दाढीलाही तेच. आता विरार पश्चिमेच्या एखाद्या मोठ्या दुकानात शिरलं, की पुरुषांच्या कप्प्यात तपकिरी काचेची अंगठ्याएवढी बाटली दिसते. तिला ड्रॉपर असतो आणि वर 'प्री-शेव्ह ऑइल' असं लिहिलेलं असतं. चष्मा लावून मागचे घटक वाचावेत तर काय? खोबरेल, एरंडेल, ऑलिव्ह, जोजोबा, नीलगिरी. जोजोबा सोडला तर सगळी मंडळी आपल्याच ओळखीतली. आमच्या आजीने बाटलीची किंमत विचारली असती आणि मग ती दुकानदारालाच दोन नारळ देऊन आली असती.

आमची वाडी आगाशीच्या बाजूची. माड, केळी, पानवेली, मध्ये रहाटाची विहीर आणि कडेला बावखल. बावखल म्हणजे काय हे वसईबाहेरच्यांना सांगावं लागतं: वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, आणि त्यानेच विहिरी जिवंत राहायच्या. चांगले नारळ बाजारात जायचे. कोंब फुटलेले, तडकलेले, आकाराने बारके असे नारळ आजी बाजूला काढून ठेवी. त्यांतले काही फोडून खोबरं उन्हात वाळवून घाण्यावर पाठवायचे, तर काहींचं तेल घरीच काढायचं.

घरी काढायची रीत सोपी होती, पण वेळ खाणारी. ओलं खोबरं खवून पाट्यावर वाटायचं, कोमट पाणी घालून फडक्यातून पिळायचं आणि निघालेला रस जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचा. तासाभराने रस फुटायचा. पांढरे कण खाली बसायचे आणि वर तेल दिसायला लागायचं. आजी ते डोळ्यांनी बघत नसे, कानांनी ऐकत असे. पातेल्यातली तडतड थांबली की पाणी संपलं, आणि पाणी संपलं की तेल टिकणार. मग पातेलं लगेच उतरायचं, नाहीतर तेलाला जळका वास लागतो. तळाशी राहिलेल्या तपकिरी चोथ्यात गूळ घालून तो आम्हा पोरांना मिळायचा. त्या तेलाला वास होता. आताच्या बाटलीवर 'नैसर्गिक सुगंध' असं छापावं लागतं.

पौषात ते तेल गोठायचं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट होतं, त्यामुळे वसईच्या थंडीत सकाळी बाटली उपडी केली तरी थेंब पडत नसे. आजोबा ती ओट्याच्या कठड्यावर उन्हात ठेवायचे आणि तेल विरघळेपर्यंत दाढीही थांबायची. थांबायला त्यांची हरकत नव्हती.

दाढी करायला मामा यायचे. सगळी आळी त्यांना मामाच म्हणायची. आठवड्यातून एकदा खांद्याला धोकटी अडकवून यायचे, आणि मोबदला वर्षाचा: भाताचं बलुतं, सणावाराला नारळ, लग्नकार्यात धोतर. धोकटी उघडली की आम्ही पोरं भोवती जमत असू. दोन वस्तरे, कातर, धार लावायची पथरी, चामोटं, नखं काढायची नराणी, पितळी वाटी, तुरटीचा खडा, हातात धरायचा आरसा आणि बूच घातलेली तेलाची चपटी बाटली. ती बाटली रिकामी झाली की आजी भरून देत असे, म्हणजे आळीतल्या बऱ्याच गालांवर आमच्याच माडांचं तेल फिरत होतं.

त्या बाटलीचं पहिलं काम दाढीचं नव्हतंच, वस्तऱ्याचं होतं. अर्नाळ्याकडून येणारा खारा वारा साध्या पोलादाला दोन दिवस टिकू देत नाही. मामा काम झालं की वस्तरा पुसून कोरडा करत, तेलाचं बोट पात्यावरून फिरवत आणि मगच मूठ मिटत. गंजलेल्या वस्तऱ्याने दाढी ओढली जाते आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. आणि बलुत्यात एक घर गेलं तर वर्षभराचं भात गेलं.

आजोबा पाटावर बसत, मामा समोर उकिडवे. आधी पाणी. नुसतं कोमट पाणी. वाटीत बोटं बुडवून मामा आजोबांचे गाल, हनुवटी, गळा मळत राहायचे. मळत म्हणजे खरंच मळत. अंगठा आणि दोन बोटांनी केस उलटसुलट फिरवत. एवढ्या वेळात आळीतल्या चार बातम्या सांगून व्हायच्या. मग डाव्या तळहातावर तेलाचे दोन थेंब, दोन्ही तळव्यांत ते चोळायचे आणि ओल्याच दाढीवर हलका हात फिरवायचा. गळ्यावर, जिथे केसांचा भोवरा असतो, तिथे बोटाच्या टोकाने आणखी थोडं. साबण असला तर त्यानंतर. कित्येकदा तो नसायचाच. "भाऊ, आता बोलू नका," असं म्हणून मामा आजोबांची हनुवटी वर करायचे आणि वस्तरा कानशिलापासून खाली उतरायचा. तो करकर आवाज करत नसे. कापड फाटल्यासारखा बारीक आवाज यायचा आणि खाली स्वच्छ पट्टा दिसायचा. पात्यावर आलेले केस मामा आपल्याच डाव्या मनगटावर पुसत. शेवटी तुरटी, आणि तुरटी वाळली की पुन्हा तेलाचं एक बोट.

श्रावण संपला की या सगळ्याला जास्त वेळ लागायचा. श्रावण पाळणारे महिनाभर दाढीला हात लावत नसत, आणि मग गणपतीच्या आधी सगळ्या आळीला एकदमच गुळगुळीत व्हायचं असायचं. महिन्याची दाढी कोरड्याने निघत नाही. त्या दिवसांत मामा आधी कातर चालवत, मग पाणी, मग तेल जरा सढळ हाताने. दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे तेच मामा घरातल्या कर्त्या पुरुषांना तेल लावायला यायचे. लग्नघरी नवरदेवाची दाढी हा तर मानाचाच कार्यक्रम, त्यानंतर तेलात कालवलेली हळद. वसईतल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे दाढीचा दिवस ठरलेला म्हणजे शनिवारची संध्याकाळ, रविवारच्या मिस्सासाठी.

ऑलिव्हचं तेल आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते याच शेजाऱ्यांकडून. चर्चमध्ये बाप्तिस्म्याला आणि आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल ऑलिव्हचं असतं. पुढे कुणाच्या घरी बाळ झालं की केमिस्टकडून फिगारोचा पत्र्याचा डबा यायचा, तेवढीच त्याची भेट. ऑलिव्हने दाढी करायची, असं त्या काळी कुणी म्हटलं असतं तर फादरांनी आणि आजीने दोघांनीही कान उपटले असते.

इथवर वाचून कुणाला वाटेल, काय ते दिवस. थोडं थांबा. मामा ओट्यावर चढत नसत, दाढी ओट्याखाली अंगणातच व्हायची. ज्यांचे हात घरच्या कर्त्याच्या गळ्यावर वस्तरा धरायचे, त्या हातांना घरात पाणी वरून ओतलं जायचं. आणि वस्तरा सगळ्या आळीला एकच. मधे पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला की पुढच्या गिऱ्हाइकाला तयार. एकाच्या गालावर पुळ्या आल्या की पंधरा दिवसांत चौघांच्या गालावर यायच्या, आणि सगळे दोष देत उष्णतेला. तेलाने वस्तरा घसरतो चांगला, पण तो निर्जंतुक होत नाही. आजीच्या तेलाविषयी मला कितीही माया असली तरी हे सांगितलंच पाहिजे.

बाबांच्या पिढीत मामा सुटले. बोरिवलीपासून विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ सालीच आली होती, पण वाडीतली मुलं मोठ्या संख्येने चर्चगेटच्या कचेऱ्यांत जाऊ लागली ती नंतर. रोज कचेरी म्हणजे रोज दाढी, आणि मामा आठवड्यातून एकदाच. बाबांनी सेफ्टी रेझर घेतला. दुधारी ब्लेड अमेरिकेत जिलेटने १९०३ मध्ये विकायला काढलं. आमच्या पडवीत ते पोचायला पन्नासेक वर्षं लागली. खिळ्याला अडकवलेला आरसा, स्टीलची वाटी, गोदरेजचा गोल साबण, ब्रश, आणि अंधारातच सुरू झालेली घाई. पाणी मळायला वेळ कुठला? ब्रशने चार फेरे मारले की फेस, फेसावर रेझर, आणि तोंड पुसता पुसता सायकलला टांग.

तरी तेल सुटलं नाही. ब्लेड महाग वाटायचं. एक ब्लेड किती दिवस चालवायचं यावर घराघरांत स्पर्धा असायची. बाबा आठवड्याच्या शेवटी काचेचा पेला घेत, त्याच्या आतल्या गोलाईवर ब्लेड दोन बोटांनी दाबून धरत आणि मागेपुढे घासत. एक बाजू, मग दुसरी. त्या सप-सप आवाजाने आई वैतागायची, कारण पेला नेमका पाहुण्यांच्या सेटमधला असायचा. धार लागली की ब्लेडला तेलाचं बोट, मग ते पुन्हा आपल्या कागदात. मामांची विद्या बाबांनी नकळत उचलली होती: खाऱ्या हवेत पोलाद जपायचं तर तेल.

उन्हाळ्यात तेल पुन्हा गालावर यायचं, आणि त्याचं कारण विहिरीत होतं. चैत्र-वैशाखात पाणी तळाला जायचं, मचूळ लागायचं. त्या पाण्यात साबण फाटतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका तयार होतो, फेस उभाच राहत नाही, आणि तो साका गालावर तसाच बसतो. अशा दिवशी बाबा मुकाट्याने खोबरेलाची बाटली घ्यायचे. तेलाला जड पाण्याचं काही सोयरसुतक नसतं.

मग स्टेशनजवळ सलूनं आली. फिरणारी खुर्ची, समोरासमोर आरसे, भिंतीवर नटनट्या, पाण्याचा फवारा मारायची बाटली. नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली आणि एका गोष्टीचं भलं झालं: गिऱ्हाईक स्वतःच सांगायला लागलं, नवीन ब्लेड लाव. दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवायचं, दाढी झाली की टाकून द्यायचं. मामांचा पोलादी वस्तरा तिथे संपला, आणि त्याला तेल लावायचं कामही. त्याच काळात पत्र्याच्या डब्यातलं खोबरेल निळ्या प्लास्टिकच्या बाटलीत घरोघर पोचलं. वाडीत माड उभे असताना आम्ही खोबरेल वाण्याकडून आणू लागलो. आजी गेली होती, पाटा मागच्या दारी पडला होता, आणि तासभर पातेल्याची तडतड ऐकत बसायला कुणी मोकळं नव्हतं.

कंपन्यांनाही आपल्या वाटीचा शोध फार उशिरा लागला. जिलेटने भारतीय पुरुषांसाठी एक रेझर बनवला आणि त्याची चाचणी अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर घेतली. तिथे तो छान चालला. इथे आणल्यावर केस पात्यांत अडकून बसायला लागले, कारण तिकडची मुलं वाहत्या नळाखाली रेझर धुवत होती आणि इकडचा माणूस वाटीभर पाण्यात. मग त्यांची माणसं भारतातल्या घरांत जाऊन पाटाशेजारी बसली, आणि २०१० मध्ये एका पात्याचा, सहज धुतला जाणारा 'जिलेट गार्ड' १५ रुपयांत आला. मामांना हे कुणी विचारलं असतं तर त्यांनी वाटी दाखवून दोन वाक्यांत सांगितलं असतं. असो.

तेलाने खरंच काही होतं का, की ही नुसती आठवणींची गोडी? होतं, पण आपण समजतो ते नव्हे. दाढीचा केस मऊ होतो तो पाण्याने. दोन-तीन मिनिटं ओला राहिला की तो पाणी पितो, फुगतो, आणि पात्याला कमी जोर लागतो. तेलाचं काम निराळं: पातं आणि कातडी यांच्यामध्ये निसरडा थर ठेवायचा आणि मुरलेलं पाणी उडू द्यायचं नाही. त्यातही खोबरेलाची गंमत आहे. मॅरिकोच्या मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली सूर्यफूल, खनिज तेल आणि खोबरेल अशी तुलना प्रसिद्ध केली. खोबरेल केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन बाहेरच राहतात, असा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. डोक्याच्या केसांना हे चांगलंच. केस धुताना आणि विंचरताना कमी झिजतो. (खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा हा अभ्यास आहे, हेही ध्यानात ठेवावं.) पण तेल मुरलेला केस पाणी कमी घेतो. म्हणजे कोरड्या दाढीवर आधी तेल थापलं तर आपणच पाण्याची वाट अडवतो. मामांचा क्रम, आधी पाणी मळायचं आणि मगच तेल, तो कुठल्या पुस्तकातून आलेला नव्हता. चुकीचा क्रम केला तर गिऱ्हाईक ओरडतं, एवढीच त्यांची प्रयोगशाळा.

एरंडेल दाट आणि चिकट, ते गालावरून वाहून जात नाही. म्हणून बाटलीबंद तेलांत त्याचा वाटा असतो. नुसतं लावलं तर मात्र वस्तरा रुतल्यासारखा होतो आणि धुता धुता नाकी नऊ येतात. तिळाचं चालतं. शेंगदाण्याचं गोडं तेल घरात काहीच नसेल तर. मोहाच्या बियांचं तेल पूर्वेकडच्या पाड्यांतून यायचं, तेही थंडीत गोठतं, आणि कोरड्या कातडीवर त्याच्याइतकं चांगलं काही नाही असं तिकडचे लोक सांगायचे. मोहरीच्या वाटेला मात्र जाऊ नये. कापल्या जागी ते काय करतं, ते कापल्यावरच कळतं.

२०२० च्या टाळेबंदीत एक चमत्कारिक गोष्ट झाली. महाराष्ट्रात सलूनं २८ जूनला उघडली, पण केस कापायला. दाढीला मनाई. महिनोन्‌महिने सलूनच्या खुर्चीत मान टेकणारी माणसं घरच्या आरशासमोर आली, कुणाला रेझर धरता येईना, कुणाचा गाल भाजल्यासारखा लाल झाला. आमच्या गृहसंकुलातल्या दोन-तीन तरुणांनी मला तेव्हा तेलाबद्दल विचारलं. आजोबांनंतर इतक्या वर्षांनी मी कुणाला तरी पाणी कसं मळायचं ते दाखवलं, अर्थातच अंतर राखून, स्वतःच्या गालावर.

आता वसई-विरार महानगरपालिका आहे, २००९ पासून. २०११ च्या जनगणनेतच लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती, पुढे किती वाढली ते नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभं राहिलं की दिसतं. सूर्या धरणाचं पाणी येतं, पण सगळीकडे पुरत नाही. टँकर आहेत, बोअरवेल आहेत, आणि बोअरच्या पाण्यात साबण पुन्हा फाटतो. बाबांचा वैशाख नालासोपाऱ्यातल्या काही इमारतींत बारा महिने असतो. बावखलं कित्येक ठिकाणी बुजली, त्यांवर पार्किंग आलं. लोकांना वाटतं क्रीम खराब निघालं. खराब असतं पाणी.

आणि तेल? ते परत आलं आहे, पण उलट्या कामाला. माझा पुतण्या दाढी करतच नाही, तो ती वाढवतो. त्याच्या कपाटात बिअर्ड ऑइल आहे, दाढी विंचरायचा लाकडी कंगवा आहे. आजोबांच्या तेलाने दाढी निघायची, याच्या तेलाने ती उभी राहते. तेलाच्या बाटलीवर 'कोल्ड प्रेस्ड' असं लिहिलेलं, आणि वसईतही आता लाकडी घाण्याची दुकानं निघाली आहेत. बैलाऐवजी विजेची मोटर, पण घाणा लाकडाचाच. २०२५ मध्ये खोबरेलाचे भाव इतके भडकले की तिथल्या मालकाने मला अर्धा लिटर देताना दोनदा किंमत सांगितली, मी घेरी येऊन पडू नये म्हणून. मी घेतलं. दाढीला दोन थेंब लागतात, अर्धा लिटर वर्षानुवर्षं पुरेल. तोवर ते खवट होऊ नये म्हणून बाटली उन्हात ठेवत नाही.

माझं मत विचाराल तर तपकिरी बाटली फसवी नाही, पण तिची गरजही नाही. तिच्यात जे आहे ते वाण्याकडे मिळतं. तिच्यात जे नाही, ती पाण्याची तीन मिनिटं, आणि ती विरार लोकल पकडणाऱ्या माणसाकडे पूर्वीही नव्हती, आजही नाहीत. म्हणून अंघोळ झाल्यावर लगेच दाढी करावी. गाल आधीच भिजलेले असतात. तेल दोनच थेंब, ओल्या गालावर. ज्यांच्या चेहऱ्यावर मुरुमं येतात त्यांनी खोबरेल टाळलेलं बरं, ते काहींची रंध्रं बुजवतं. नवीन तेल असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघावं. तीन-चार पात्यांचा रेझर असेल तर प्रत्येक ओढीनंतर कोमट पाण्याखाली धरावा, तेलात माखलेले केस पात्यांत चिकटून बसतात. साधं दुधारी ब्लेड असेल तर हा त्रास निम्मा. वस्तरा दुसऱ्याचा वापरू नये, मग तो घरातला का असेना. आणि न्हाणीघराच्या फरशीवर तेल सांडलं तर तिथल्या तिथे पुसा. आमच्या घरात वस्तऱ्याने जेवढं लागलं नाही तेवढं त्या फरशीने लागलं आहे.